चौसष्ट अर्थांचा शब्द

“पण सही करायला हरकत काय आहे, भन्तेजी?”

 भन्ते उपसेनांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं, मग कागद ठेवणाऱ्याकडे.

सात दिवसांचं मौन पाळून ते त्याच सकाळी डोंगरावरच्या कुटीतून खाली आले होते. विहाराच्या ओसरीवर नीट बसलेही नव्हते, तोच दिवाकर मेंढे कागद घेऊन हजर झाला होता.

दिवाकर पायथ्याच्या गावातल्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. विहारात येणाऱ्या चिनी साधकांना दोन वर्षांपासून तोच इंग्रजी शिकवत होता. वय बेचाळीस. हुशार, मेहनती... आणि आपण हुशार आहोत हे कधी न विसरणारा.

“कुणाला परत पाठवायचं म्हणतोस?”

“म्याओशिनला.”

“ती श्रामणेरी? मागच्या वर्षीच दीक्षा घेतलेली?”

“तीच. सात जणांत ती एकटी नापास आहे. नापास म्हणजे... शून्य, भन्तेजी. एक गुण नाही.”

“हं.”

“तिच्या मठाला पत्र लिहिलंय. तुमची सही झाली की आजच पोस्टात टाकतो.”

“परत गेली तर त्या मठातून पुन्हा कुणी येईल?”

“नाही येणार. त्यांच्या थोरल्या गुरुमाईंनी तसं कळवलंय. ही शिकली तर पुढच्या मुली येतील, नाही शिकली तर दार बंद.” दिवाकर जरा थांबला. “पण त्याला मी काय करणार?”

ओसरीवर ऊन सरकत होतं. मे महिना होता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

“तिला काय येत नाही?” भन्तेंनी विचारलं.

“शब्द येत नाही.”

“किती शब्द?”

“एक.”

भन्तेंनी मान वर केली.

दिवाकरनं पिशवीतून एक जाड वही काढली. तिला खाकी कव्हर होतं आणि त्यावर सुरेख अक्षरात नाव घातलेलं होतं. ती त्यानं दोन्ही हातांनी भन्तेंच्या हातात दिली. भन्तेंना काहीही द्यायचं झालं तर तो असंच देत असे.

“माझी पद्धत वेगळी आहे, भन्तेजी. दर महिन्याला एकच शब्द घ्यायचा, पण त्याचा तळ गाठायचा. या महिन्याचा शब्द आहे ‘टेक’. म्हणजे घेणे. मी त्याचे चौसष्ट अर्थ काढलेत.”

“चौसष्ट!” भन्ते हसले. “कलाही तेवढ्याच सांगतात.”

“चिनी माणसाला हा शब्द फार छळतो. आपण औषध घेतो, ते औषध खातात. आपण बसनं जातो, ते बस बसतात. फोटो आपण काढतो, आणि त्यांच्या भाषेत फोटोला थाप मारतात म्हणे. इंग्रजाचं तसं नाही. तो औषधही घेतो, बसही घेतो, फोटोही घेतो. सगळं घेतोच.”

“त्याला घ्यायची सवयच होती,” भन्ते म्हणाले.

दिवाकर हसला नाही. त्याचं लक्ष वहीकडे होतं.

“हे कुणी केलेलं नाही, भन्तेजी. छापलं ना, तर चीनमधल्या शाळा मला बोलावून नेतील.”

“नेतील.” भन्तेंनी वही न उघडता मांडीवर ठेवली. “तिची परीक्षा कशी घेतलीस?”

“अगदी सोपी. टेबलावर दहा वस्तू मांडल्या. पेन, आंबा, छत्री, औषधाची बाटली... मी लांब फळ्यापाशी उभा राहिलो. एकेकाला पुढे बोलावून वस्तूचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ‘टेक!’ सगळ्यांनी पटापट उचललं. ही आली... आणि उभी राहिली. हात जोडून.”

“मग?”

“मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा वाकली. आंब्याकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि हात जोडते. दहा वेळा म्हणालो, भन्तेजी. दहा वेळा! बाकीचे हसायला लागले.”

“तूही हसलास?”

“मी... शून्य लिहिलं.”

भन्तेंनी वहीच्या कव्हरवरून हात फिरवला.

“तरी मी म्हटलं असतं, चला, मंद आहे बिचारी. पण ती मंद नाही.” दिवाकर पुढे सरकला. “हट्टी आहे. मुद्दाम करते. तिला तो शब्द चांगला कळतो, हे मला परवा कळलं.”

“कसं काय?”

“तिला कांजिण्या आल्यात. तुम्ही वर होता, तुम्हाला माहीत नसेल. बागेतल्या खोलीत तिला वेगळं ठेवलंय. पहिले चार दिवस तिची सोबतीण, ती चिनी साधिका, तिचं बघत होती. तिला लहानपणी येऊन गेलेल्या. पण परवा ती सगळी मंडळी लेणी बघायला गेली, ते आज संध्याकाळी येणार. मग ताट पोचवायचं माझ्याकडे आलं. कौतिकाबाई स्वयंपाक करून नऊलाच जातात, त्यांच्या घरी तान्हं नातवंड आहे. त्यांना मी खोलीकडे फिरकायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“बरं केलंस.”

“मलाही लहानपणी कांजिण्या आलेल्या नाहीत. मोठेपणी फार वाईट येतात म्हणे. म्हणून मी ताट उंबऱ्याबाहेर ठेवतो, दहा पावलं मागे येतो आणि मोठ्यानं म्हणतो, ‘टेक!’” दिवाकरनं मांडीवर थाप मारली. “आणि तासाभरानं ताट रिकामं! लख्ख! परवाही, कालही. म्हणजे बघा, ताटाच्या वेळी शब्द कळतो, परीक्षेत कळत नाही.”

भन्तेंचा हात वहीवर होता. तो तिथेच थांबला.

“ताट उंबऱ्याबाहेर ठेवतोस...”

“हो.”

“तिच्या हातात नाही देत.”

“कसं देणार? कांजिण्या आहेत, म्हटलं ना.”

“आणि तिला घेताना तू पाहिलंस?”

“उन्हात कोण उभं राहतं, भन्तेजी? मी इकडे येऊन बसतो. पण ताट रिकामं असतं की!”

भन्ते उठले.

दिवाकर दचकला. पंच्याहत्तरीचे भन्ते उठताना नेहमी खांबाचा आधार घेत. आज त्यांनी खांबाकडे पाहिलंही नाही. वही मांडीवरून घरंगळून खाली पडली, तिच्याकडेही नाही.

“आजचं ताट कधी ठेवलंस?”

“आत्ताच. अर्धा तास झाला असेल.”

“चल.”

“पण सही...”

भन्ते पायऱ्या उतरून गेलेसुद्धा.

बागेतली खोली विहाराच्या मागच्या बाजूला होती. वाटेत चिकूची झाडं होती. शेवटच्या झाडापाशी भन्ते एकदम थांबले. मागून येणारा दिवाकर त्यांच्यावर आदळता आदळता राहिला.

खोलीचं दार सताड उघडं होतं.

उंबऱ्याबाहेर ताट होतं. ताटासमोर एक मोठं काळ्या तोंडाचं वानर बसलं होतं. ते शांतपणे वरणभात खात होतं. कुणाची घाई नाही, कुणाची भीती नाही. रोजचं गिऱ्हाईक खाणावळीत बसतं तसं.

भात संपला. वानरानं ताट उचललं, चाटलं, खाली ठेवलं.

लख्ख.

आणि दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, म्याओशिन बसली होती. पाठ ताठ. हात मांडीवर. चेहऱ्यावर कांजिण्यांचे सुकत आलेले फोड. ओठ पांढरे पडलेले.

ती वानराकडे बघत होती.



“हाड्!” दिवाकर ओरडला. वानर उडी मारून झाडावर गेलं.

भन्ते दारापाशी गेले. म्याओशिननं त्यांना पाहिलं आणि वाकून वंदन केलं. वाकली ती उठेना. दोन्ही तळवे जमिनीवर दाबून ती कशीबशी पुन्हा बसती झाली.

भन्तेंनी ताटाकडे बोट केलं. मग एक बोट वर केलं, मग दोन. भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं.

तिनं तीन बोटं वर केली.

“तीन दिवस...” दिवाकर मटकन खाली बसला. “तीन दिवस ही... पण का? अहो, समोर होतं! हात लांब करायचा फक्त!”

त्यानं झाडावरच्या वानराकडे हात केला.

“हाकलायचं तरी त्या वानराला! हिचं अन्न ते खातंय आणि ही बघत बसलीय!”

“तिचं नव्हतं,” भन्ते म्हणाले. “वानराचंही नव्हतं. पण वानरानं दीक्षा घेतलेली नाही.”

“म्हणजे?”

“मला जेवण कसं देतोस तू?”

“तुमच्या... हातात. दोन्ही हातांनी.”

“समोर ठेवून गेलास तर?”

“तुम्ही घेणार नाही. दिल्याशिवाय घ्यायचं नाही, हा नियम...”

दिवाकरचं वाक्य तिथेच राहिलं.

त्याला टेबल आठवलं. आंबा आठवला. दहा वेळा जोडलेले हात आठवले.

“पण तुम्ही भन्ते आहात,” तो पुटपुटला.

“आणि ती?”

“ती... माझी विद्यार्थिनी.”

चिकूच्या झाडात वानर कुठेतरी हललं. 

“तिची सोबतीण...” दिवाकरचा आवाज बदलला होता. “परवा गाडीत बसायच्या आधी ती माझ्याकडे आली होती. हातात रिकामं ताट होतं. तिनं ते माझ्या हातात दिलं. मग काढून घेतलं. पुन्हा दिलं, पुन्हा वाकली. तीन-चारदा. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला वाटलं... मला वाटलं, ताट नीट घासत जा म्हणून सांगतेय.”

“मग तू काय केलंस?”

“म्हटलं, ओके, ओके.”

भन्तेंनी डोळे मिटले. उघडले. अंगणातल्या ध्वजाच्या खांबाकडे पाहिलं. खांबाची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली होती. जेमतेम वीतभर उरली होती.

“माध्यान्ह होत आली.”

दिवाकरनंही सावलीकडे पाहिलं. माध्यान्ह टळली की श्रामणेरी जेवत नाही, हे त्याला माहीत होतं. मग थेट उद्याची सकाळ.

“स्वयंपाकघरात भात असेल,” तो ताडकन उठला. “मी आणतो. तुम्ही तिला...”

“मी देऊ शकत नाही.”

“काय?”

“भिक्षू वाढत नाही, दिवाकर. त्यालाच कुणीतरी वाढावं लागतं. माझ्या हातून ती घेणार नाही, आणि मीही देणार नाही.”

“मग कौतिकाबाईंना...”

“गाव किती लांब आहे?”

दिवाकरनं वाटेकडे पाहिलं. तो रोज चालतच येत असे. जायलाच पाऊण तास लागे.

“म्हणजे मीच...”

भन्ते त्याच्याकडे नुसते बघत होते.

“माझ्या अंगावर कांजिण्या आल्या तर?”

“येतील.”

“भन्तेजी!”

“खोटं कशाला सांगू?”

दिवाकर उभा होता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यानं म्याओशिनकडे पाहिलं. इतक्या दिवसांत बहुधा पहिल्यांदाच. ती त्याच्याकडे बघत नव्हती. शिक्षक उभे असताना त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, असं तिच्या मठात शिकवलेलं असावं. तिची नजर त्याच्या चपलांवर होती.

तो वळला आणि धावत सुटला.

स्वयंपाकघरात पातेल्याच्या तळाशी भात होता. थोडं साधं वरण होतं.  निम्मं वरण ओट्यावर सांडलं. ते पुसायला तो थांबला नाही. भात कालवून मऊ केला, ताटलीत घातला आणि आला तसा धावत निघाला. वाटेत एक चप्पल निघाली. ती तिथेच राहिली.

सावली चार बोटं उरली होती.

उंबऱ्याशी येऊन तो थबकला. त्या उंबऱ्यापासून तीन दिवस तो दहा पावलं लांब राहिला होता.

भन्ते बाजूला सरकले. 

दिवाकरनं दुसरी चप्पल काढली आणि तो आत गेला.

गुडघे टेकून त्यानं ताटली दोन्ही हातांनी पुढे केली. काय म्हणावं ते त्याला सुचेना. चौसष्टांतला एकही अर्थ त्या वेळी आठवला नाही. त्याच्या तोंडून निघालं ते मराठीच होतं.

“घे गं, पोरी... घे.”

म्याओशिननं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात पुढे केले. बोटांवर फोड होते. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. त्यानं हात मागे घेतला नाही.

तिनं ताटली घेतली. कपाळाला लावली.

आणि मग ती जेवली नाही.

“आता काय?” दिवाकर घाबरून म्हणाला. “भन्तेजी, सावली...”

म्याओशिननं भाताची सात शितं मोजून वेगळी काढली. एकेक, सावकाश. सातवं सुटलं तेव्हा तिनं ते पुन्हा उचललं. उंबऱ्याजवळ सरकून तिनं ती शितं बाहेरच्या दगडावर ठेवली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली.

“जेवणाआधी बाहेरच्या जीवांना,” भन्ते हळूच म्हणाले. “त्यांच्याकडची रीत आहे.”

“बाहेरच्या... अहो, ते तीन दिवस हिचंच जेवलंय!”

म्याओशिननं पहिला घास घेतला.

तिनं तो खूप वेळ चावला. दुसरा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला तिनं हात वापरला नाही. हात ताटलीला होते.

दिवाकर मागे मागे सरकत दाराबाहेर आला आणि पायरीवर बसला. त्याला रडू येत होतं. ते त्यानं दाबलं, आणि मग ते दाबता येईना.

“एक शब्द बोलायचा होता हिनं,” तो म्हणाला. “एक शब्द. ‘गिव्ह’ म्हणाली असती. ‘द्या’ म्हणाली असती. मला कळलं असतं की!”

“शिकवला आहेस तो शब्द?”

“नाही.”

“कधी शिकवणार होतास?”

“पुढच्या...” दिवाकरनं तोंडावर हात ठेवला. “पुढच्या महिन्यात.”

आत ताटलीवर बोटं फिरल्याचा आवाज येत होता.

खांबाची सावली आता दिसत नव्हती. पण त्याच्या आधीच ताटली रिकामी झाली होती. म्याओशिननं ती पदरानं पुसावी तशी चीवराच्या टोकानं पुसली, पुढे सरकली आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. खाली मात्र ठेवली नाही. तो घेईपर्यंत तशीच धरून राहिली.

दिवाकरनं ताटली घेतली. दोन्ही हातांनी.

तो बराच वेळ ती धरून बसला.

“ते पत्र मी फाडतो,” शेवटी तो म्हणाला.

भन्तेंनी मान हलवली.

“वहीसुद्धा जाळतो.”

“वहीनं काय केलंय?”

“मग मी काय करू, भन्तेजी? मला काहीतरी सांगा. प्रायश्चित्त सांगा. मी तुमच्याकडे येऊन राहतो, ध्यानाला बसतो, तुम्ही म्हणाल ते करतो. मला शिकवा. आजपासून मी तुमचा शिष्य. पहिला धडा द्या.”

त्यानं भन्तेंच्या पायांवर डोकं ठेवलं.

भन्ते त्याला वाट पाहायला लावत होते, की स्वतःच कशाची तरी वाट पाहत होते... ते कळत नव्हतं. आतून म्याओशिनचा श्वास ऐकू येत होता. ती भिंतीला टेकून बसल्या जागी झोपली होती.

भन्तेंनी खाली वाकून दिवाकरला उठवलं.

“उद्या लवकर ये,” ते म्हणाले. “ती मागणार नाही.”